बारीक रेघेची जबाबदारी

जाड उभ्या रेघा, केसाइतक्या बारीक आडव्या रेघा आणि टोकांना सरळ कापलेल्या नाजूक आडव्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ. अशा घडणीचा टाइप अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत बोदोनीने आणि फ्रान्समध्ये दिदो घराण्याने घडवला. दोनशे वर्षे उलटली तरी त्याच्याबद्दलचा वाद मिटलेला नाही. कुणाला तो मुद्रणकलेचा कळस वाटतो, कुणाला वाचकाच्या डोळ्यांवरचा अन्याय. आता ही घडण देवनागरीतही येऊ लागली आहे आणि तिच्यासोबत तो वादही आपल्या छापखान्यांत आला आहे. पुढच्या संवादातले दोघे कल्पित आहेत, त्यांचा वाद मात्र खरा आहे. मामांचे आयुष्य छापखान्यात गेले. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सारे त्यांनी स्वतः केले. भाची टाइप डिझायनर आहे आणि एका दिवाळी अंकाच्या शीर्षकांसाठी जाड-बारीक घडणीची अक्षरे रेखाटते आहे. तिने भिंतीवर लावलेल्या प्रूफांसमोर दोघे उभे आहेत.

मामा: देखणं आहे, हे आधीच सांगतो. पण जवळ आलो की मला अक्षर दिसत नाही, नुसते दांडे दिसतात. दोन दांड्यांना जोडणारी रेघ शोधावी लागते. अक्षर वाचण्यासाठी असतं. जे अक्षर स्वतःकडेच बघायला लावतं, ते वाचकाला मजकुरापासून दूर ठेवतं.

भाची: तू मजकुराचा नियम शीर्षकाला लावतोयस, मामा. मजकुराच्या ओळी शेकडो असतात, तिथे डोळा अडला तर वाचक पुस्तक मिटतो. शीर्षक चार शब्दांचं. पान उलटणाऱ्या हाताला थांबवणं हे त्याचं पहिलं काम. तिथे अक्षराने स्वतःकडे बघायला लावलं तर ते आपलं कामच करतंय.

मामा: थांबवायला मोठं, ठळक अक्षर पुरतं. त्यासाठी केसाएवढी रेघ कशाला?

भाची: ठळक अक्षर आवाज चढवून थांबवतं. या अक्षराला आवाज चढवावा लागत नाही. ते आकाराने मोठं आहे, उभी रेघ भक्कम आहे, पण बाकीचं सगळं वजन काढून घेतलंय. त्यामुळे अक्षराच्या पोटात आणि दोन अक्षरांच्या मध्ये भरपूर पांढरं राहतं. बोदोनीचं खरं साहित्य काळी शाई नव्हतं, पांढरा कागद होता. त्याची पुस्तकं पाहा. रुंद समास, ओळींमध्ये मोकळी जागा, नक्षी जवळजवळ नाहीच. शीर्षकपानावर चार ओळी, बाकी कोरं. चांगल्या टाइपचे त्याने चार गुण सांगितले: नियमितपणा, नेटकेपणा, सुरुची आणि लालित्य. पहिले दोन कारागिराचे आहेत, पुढचे दोन कलावंताचे.

मामा: आणि वाचकाचा एकही नाही.

भाची: नेटकेपणा वाचकाचाच की.

मामा: हे बघ, बोदोनीचं मोठेपण मी नाकारत नाही. तो आमच्याच धंद्यातला. १७४० मध्ये पिडमाँटमधल्या सालुत्सोत जन्मला, बाप छापखानेवाला. कोवळ्या वयात रोमला जाऊन प्रोपागांडा फिदे या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात लागला. जगभरच्या लिप्यांचे खिळे तिथे होते, ते त्याने साफ केले, लावले, ओळखले. १७६६ मध्ये त्याने ती नोकरी सोडली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७७१ मध्ये, त्याच छापखान्याने देवनागरीचे सुटे खिळे वापरून आपल्या लिपीची ओळख करून देणारं पुस्तक छापलं. पुढे आयुष्याच्या अखेरीस, १८०६ मध्ये, बोदोनीने एकच ख्रिस्ती प्रार्थना १५५ भाषांत छापून दाखवली. परक्या लिप्यांबद्दलचा आदर त्याने रोमच्या त्या छापखान्यात कमावला होता. माझा आक्षेप तो पुढे ज्या टोकाला गेला त्याला आहे. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने त्याला राजमुद्रणालयाचा प्रमुख केलं आणि मग त्याला गिऱ्हाइकाची चिंता उरली नाही. राजे, सरदार, राजदूत यांच्यासाठी पुस्तकं छापायची. ती वाचली किती गेली आणि कपाटात मिरवली किती गेली?

भाची: राजाश्रय होता म्हणून त्याला प्रयोग करता आले, हे मान्य. पण तो एका दिवसात त्या टोकाला गेला नाही. पार्मात आला तेव्हा पॅरिसच्या फूर्नियेचे टाइप वापरत होता. १७७१ चा त्याचा पहिला नमुनाग्रंथ त्याच वळणाचा आहे. तिथून पुढे पंच, म्हणजे खिळ्यांच्या साच्यावर उठवायचे पोलादी ठसे, कापत, घासत, पुन्हा कापत तो हळूहळू त्या बारीक रेघेपर्यंत पोचला. त्याच काळात पॅरिसमध्ये फर्मां दिदो हेच करत होता. दोघेही एकाच काळाला उत्तर देत होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली सुलेखनाची पुस्तकं तेव्हा घरोघरी होती. टोकदार लेखणी दाबली की रेघ फुगते, हात हलका केला की बारीक होते. लोकांची नजर त्या जाड-बारीकला सरावली होती. छापलेल्या अक्षरात ते येणारच होतं.

मामा: नजर सरावली होती खरी, पण ते छापता कशामुळे आलं हे सांग ना. कागदामुळे. जुन्या कागदावर जाळीच्या रेघा उमटलेल्या असायच्या, पृष्ठ खडबडीत. त्यावर बारीक रेघ छापायला गेलीस की मधेच तुटायची, म्हणून खिळा जोराने दाबायचे, मग शाई पसरायची. बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिल छापला. त्यातला बराचसा कागद विणलेल्या जाळीवर केलेला, गुळगुळीत होता. छापलेली पानं तो तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबायचा, शाईसुद्धा स्वतः बनवायचा. कागद, शाई, दाब या तिन्हींची सोय झाली तेव्हा रेघ बारीक होऊ शकली. अक्षराचं सौंदर्य छापखान्याच्या जोरावर उभं असतं. तुम्ही पडद्यावर रेखाटता तेव्हा नेमकं तेच विसरता.

भाची: बास्करव्हिलचं नाव तूच काढलंस ते बरं झालं. त्याच्यावरही हाच आरोप होता ना, की याच्या बारीक रेघांनी डोळे दुखतात? बेंजामिन फ्रँकलिनने त्याला १७६० मध्ये एक पत्र लिहिलं. त्यात हकीकत अशी. एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की बास्करव्हिलचा टाइप वाचून सगळा देश आंधळा होईल. फ्रँकलिनने आतून एक नमुनापत्र आणलं. ते होतं कॅसलनचं, म्हणजे त्या गृहस्थांच्या मते डोळ्यांना सुखाचं असलेल्या टाइपचं. वरचं नाव त्याने फाडून टाकलं आणि हे बास्करव्हिलचं म्हणून हातात दिलं. गृहस्थांनी अक्षर अक्षर दाखवत दोष काढले आणि वाचताना डोळे दुखतात असंही सांगितलं. डोळे बऱ्याचदा सवयीचं दुखणं सांगतात, मामा.

मामा: गोष्ट मार्मिक आहे, पण ती बास्करव्हिलच्या बाजूची, बोदोनीच्या नव्हे. बास्करव्हिलमध्ये जाडीतून बारकाईत जाताना उतार आहे. रेघ हळूहळू निमुळती होते. बोदोनीत उतार संपला. जाड रेघ संपते आणि तिथेच बारीक सुरू होते. कॅसलन ते बास्करव्हिल एक पायरी, बास्करव्हिल ते बोदोनी तीन पायऱ्या. विल्यम मॉरिसने १८९० च्या दशकात बोदोनीला झोडपलं, तेव्हा त्याच्या हातात स्वतःचा छापखाना होता. तो काही सवयीपोटी बोलणारा पाहुणा नव्हता. आजवर कापलेल्या टाइपांत वाचायला सगळ्यात कठीण हाच, असा त्याचा निवाडा होता.

भाची: मॉरिसला पंधराव्या शतकातलं व्हेनिस परत आणायचं होतं, काळंभोर, घट्ट विणलेलं पान हवं होतं. त्याच्या घरात बोदोनीला जागाच नव्हती. तरी त्याच्या म्हणण्यातला एक भाग मी मान्य करते. बोदोनीच्या घडणीत सलग मजकूर जुळवला की उभे दांडे पुढे येतात, आडव्या रेघा मागे जातात आणि पान डोळ्यांपुढे लुकलुकायला लागतं. पण माझी अक्षरं मजकुरासाठी नाहीतच.

मामा: तू मजकुरासाठी केली नसशील. वापरणारा वापरेल. लग्नपत्रिकेवाला शीर्षकात वापरेल, मग त्यातच मुहूर्त, पत्ता आणि आप्तेष्टांची यादी बसवेल. माझी सगळी तक्रार इथे आहे. खिळ्यांच्या काळात हे होऊच शकत नव्हतं. आठ पॉइंटचा खिळा वेगळा कापलेला, छत्तीसचा वेगळा. नाव एक, पण अक्षर तेच नव्हे. पंच कापणारा लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवायचा, अक्षर थोडं रुंद करायचा, पोट मोकळं करायचा, अक्षरांमध्ये हवा सोडायचा. हे कुणी पुस्तकात वाचून करत नव्हतं. प्रूफ काढलं की दिसायचं. मग आली फोटोटाइपसेटिंग. एकच निगेटिव्ह, भिंग पुढेमागे केलं की लहानमोठं अक्षर. संगणकाने तीच सवय पुढे चालवली. आता हिशोब कर. तुझ्या ७२ पॉइंटच्या अक्षरात बारीक रेघ किती?

भाची: साधारण अर्धा पॉइंट.

मामा: तेच अक्षर नऊ पॉइंटला घेतलं तर सगळं आठ पटींनी लहान. रेघ उरली पॉइंटचा सोळावा हिस्सा, म्हणजे ०.०२२ मिलिमीटर. आम्ही ऑफसेटला पाव पॉइंटपेक्षा बारीक रेघ घेताना कचरायचो. ही त्याचाही चौथा हिस्सा. प्लेटवर आली तर कागदावर येणार नाही, कागदावर आली तर डोळ्याला दिसणार नाही. काळ्यावर पांढरं अक्षर दिलंस तर आजूबाजूची शाई पसरून ती रेघ बुजवूनच टाकेल. आणि साध्या पडद्यावर नऊ पॉइंट म्हणजे बारा पिक्सेल. तुझी रेघ पिक्सेलचा बारावा हिस्सा. तिथे काळी रेघ उमटणारच नाही, फिकट करडी छाया उमटेल.

भाची: हिशोब बरोबर आहे. पण या हिशोबाचं उत्तरही डिझायनरांनीच काढलंय. १९९१ मध्ये जोनाथन हेफ्लरने 'हार्पर्स बझार' मासिकासाठी दिदोचा नवा अवतार केला. मासिकाला हवं होतं असं अक्षर, जे पानभर मोठं केलं तरी रेघ केसाएवढीच राहील आणि चित्राखालच्या ओळीएवढं लहान केलं तरी तुटणार नाही. एका आराखड्यात ते बसत नाही. म्हणून त्याने सात वेगवेगळे कट, म्हणजे आकारानुसार वेगळे रेखाटलेले अवतार, काढले, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत. प्रत्येकाच्या नावातच आकडा आहे. त्यानंतर १९९४ मध्ये आयटीसी बोदोनी आला. त्याच्या डिझायनरांनी पार्माला जाऊन बोदोनीचं मूळ काम अभ्यासलं आणि ६, १२ आणि ७२ असे तीन कट दिले. सहाचा कट पाहिलास तर बोदोनी ओळखूही येणार नाही, इतका तो दणकट आणि गोलसर आहे. म्हणजे बोदोनीलाही तू म्हणतोस ते ठाऊक होतं.

मामा: ठाऊक असणारच. तो पंच कापणारा होता.

भाची: आता तर २०१६ पासून व्हेरिएबल फाँटचं तंत्र आहे. एकाच फाइलमध्ये आकाराचा अक्ष ठेवता येतो. अक्षर लहान झालं की रेघ आपोआप जाड होते, अक्षरांतली जागा वाढते. खिळ्यांच्या काळातलं शहाणपण पुन्हा वापरता येतं.

मामा: रोमनमध्ये. देवनागरीत किती जण करतात? आणि देवनागरीचा प्रश्न नुसता आकाराचा नाही. रोमन अक्षराला डोक्यावर वाहायचं काही नसतं. आपल्याकडे वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. त्या सगळ्यांना जागा दिली की त्याच पॉइंटात मूळ अक्षर लहान होतं. म्हणजे तुझी बारीक रेघ रोमनपेक्षा आणखी बारीक होणार. आणि शिरोरेषेचं काय? बोदोनीचा कायदा सांगतो, उभं ते जाड, आडवं ते बारीक. तो कायदा आपल्याला लावला तर काना जाड आणि शिरोरेषा केसाएवढी. शब्दाला एकत्र धरते कोण? शिरोरेषा. तीच तू सगळ्यात अशक्त केलीस.

भाची: पहिल्या मसुद्यात तसंच झालं होतं. 'विलायती' हा शब्द रेखाटला. वेलांटीचा दांडा, व चा, ल चा, काना, य चा, त चा, पुन्हा वेलांटीचा. सात उभे दांडे ओळीने, आणि त्यांना बांधणारं काहीच नाही. शब्द वाचता येत नव्हता, कुंपण दिसत होतं. मग मी कायदा बदलला.

मामा: कसा?

भाची: बोरूकडे गेले. रोमन लेखणीचा तिरपा काप एका दिशेला, आपल्या बोरूचा उलट दिशेला. म्हणून आपल्या गोलाईत जाडी उलट बाजूला पडते. आणि बोरू पंचेचाळीस अंशांच्या आसपास धरला तर शिरोरेषा आणि काना जवळजवळ सारख्याच जाडीचे येतात. बारीक होते ती एका विशिष्ट दिशेने जाणारी तिरपी रेघ, वळणाची सुरुवात, गाठीचा एक पदर. म्हणजे आपल्या लिपीत जाड-बारीक आहेच, फक्त त्याची जागा वेगळी आहे. मी शिरोरेषा दांड्याच्या निम्म्यापेक्षा थोडी जाड ठेवली आणि बारकाई वळणांत, जोडांत, मात्रांच्या मुळाशी नेली. ट, ठ, ड, द, ह या अक्षरांना पूर्ण दांडा नाही, ती शिरोरेषेला लटकतात; तिथे गोलाईतच जाडी भरली, म्हणजे दांडेवाल्या अक्षरांशेजारी ती पोरकी दिसत नाहीत. ल पाकळीचा घेतला आणि श मराठी वळणाचा. हिंदीचा दांड्याचा ल घेतला असता तर आणखी एक उभी रेघ वाढली असती.

मामा: हे बोलतेस तेव्हा मला निर्णयसागर दिसतं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत छापखाना काढला, आणि राणूजी आरूंनी कापलेल्या पंचांमुळे त्यांच्या खिळ्यांचं नाव देशभर झालं. संस्कृतचे मोठमोठे ग्रंथ त्या खिळ्यांत छापले गेले. त्यात जाड-बारीक स्पष्ट आहे. पण तो बोरूचा जाड-बारीक आहे. बारीक भागसुद्धा इतका बारीक नाही की हजार प्रती निघाल्यावर झिजून जाईल.

भाची: म्हणजे जाड-बारीकला तुझा विरोध नाही.

मामा: नाही. उसन्या जाड-बारीकला आहे. आणि प्रमाणाला आहे. निर्णयसागरचं प्रमाण मजकूर पेलणारं होतं.

भाची: प्रमाणावर माझं एक म्हणणं ऐक, कारण हे मला रेखाटतानाच कळलं. देवनागरी ठळक करायची म्हटलं की सगळ्यात आधी अडचण कुठे येते? 'राष्ट्र' मधल्या ष्ट्र मध्ये, 'बुद्धी' मधल्या द्ध मध्ये. एकाखाली एक थर रचलेले. प्रत्येक आडवी रेघ जाड केली तर मधली पांढरी जागाच संपते, जोडाक्षराचा काळा गोळा होतो. ठळक रोमनमध्ये e आणि a ला ही अडचण थोडीशी येते, आपल्याकडे ती पदोपदी येते. उपाय एकच, उभ्याला वजन द्यायचं आणि आडव्याचं काढून घ्यायचं. ठळक देवनागरीत जाड-बारीक फरक ही चैन नाही, गरज आहे. मी अक्षर जितकं ठळक करत गेले तितका फरक वाढवावा लागला, तेव्हा कुठे ष्ट्र वाचता आला.

मामा: हे मला पटतं. काळ्या गोळ्यांनी मलाही छळलंय. स्वस्त ठळक फाँटात 'द्ध' आणि 'ध्द' यांतला फरक कळत नाही, मग लोक चुकीचंच लिहायला लागतात. थर मोकळे करण्यासाठी रेघ बारीक होत असेल तर ती वाचकासाठी बारीक होतेय. पण मग तू ही गरज आहे असं सांग. फॅशनच्या दुकानातलं अक्षर मराठीत आणते असं नको सांगू. मला या घडणीची भीती वाटते ती त्यामुळेच. 'व्होग' आणि 'हार्पर्स बझार' यांच्या नावांपासून अत्तराच्या बाटल्यांपर्यंत सगळीकडे हेच अक्षर. ते बघितलं की लोकांना आधी किंमत दिसते. मराठी कथेचं शीर्षक त्या अक्षरात टाकलं की कथा आधी महाग वाटते, मग वाचावीशी वाटते की नाही कोण जाणे.

भाची: त्या मासिकांनी या अक्षराला श्रीमंती दिली हे खरं. अलेक्सी ब्रोडोविच 'हार्पर्स बझार'चा कलासंचालक होता, १९३४ ते १९५८. पांढरी पानं, मोठी छायाचित्रं आणि दिदो, हे समीकरण त्याच्या काळात पक्कं झालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८०० नंतरच्या लंडनमध्ये, रॉबर्ट थॉर्न आणि इतर टाइपवाल्यांनी हीच घडण फुगवून फुगवून जाडजूड केली. लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिरातींसाठी. भिंतीवर चिकटवायचे कागद होते ते, रस्त्यावरच्या माणसाने चालता चालता वाचायचे. अक्षराचा वर्ग जन्माने ठरत नाही, मामा, वापराने ठरतो. आपल्याकडेही उदाहरण आहे. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये 'रोझा वन' आणला, देवनागरी आणि रोमन दोन्हींत, टोकाचा जाड-बारीक, आणि तो सर्वांना फुकट वापरता येतो. कुठलंही नाट्यमंडळ, कुठलंही ग्रामीण वाचनालय तो वापरू शकतं.

मामा: नाटकाचं काढलंस म्हणून सांगतो. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी शीर्षकं रेखाटली ती वर्तमानपत्राच्या कागदावर छापली जायची. तो कागद शाई पिणारा, छपाई वेगाची. तरीही नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरायचा. शीर्षकाचा हा आदर्श माझ्या डोक्यात आहे. कागद वाईट असला तरी अक्षर टिकलं पाहिजे. म्हणून मी म्हणतो, कुठलाही टाइप आधी सगळ्यात वाईट कागदावर छापून बघावा. तिथे उभा राहिला तर पास.

भाची: इथे मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. प्रत्येक अक्षराची परीक्षा वाईट कागदावरच घ्यायची ठरली, तर सगळी अक्षरं वर्तमानपत्राचीच होतील. शेडग्यांची शीर्षकं त्या जागेसाठी रेखाटलेली होती, म्हणूनच ती टिकली. चांगल्या कागदावर, मोठ्या आकारात, एका पानावर एकटं उभं राहण्यासाठीही अक्षर घडवायचा अधिकार असला पाहिजे. बोदोनीने बास्करव्हिलच्या कागदानंतर काय शक्य आहे ते दाखवलं. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो, त्यासाठी आपण चांगला कागद घेतो, चित्रकाराला चांगलं मानधन देतो. शीर्षकही त्या प्रसंगाला साजेसं असावं.

मामा: अधिकार मान्य. पण अधिकारासोबत अटी सांग. माझ्यासारख्या छपाईवाल्याच्या हाती हे अक्षर आलं तर त्याने काय करायचं नाही?

भाची: तीस पॉइंटच्या खाली हा कट लावायचा नाही. बारीक रेघ छायाचित्रावर ठेवायची नाही, कारण चित्रातल्या उजेडात ती हरवते. मिश्र रंग द्यायचा नाही.

मामा: हे बरोबर. फिका तपकिरी किंवा जांभळा द्यायचा म्हटलं की रेघ ठिपक्यांची बनते, आणि रजिस्टर, म्हणजे रंगांची एकावर एक जुळणी, किंचित सरकलं तरी ती दोन रंगांत फाकते. शंभर टक्के काळा, नाहीतर स्वतंत्र तयार केलेली एकच शाई.

भाची: अक्षरांमध्ये जागा वाढवायची नाही. रोमनमध्ये डिझायनर हौसेने अक्षरं लांब लांब पसरतात. आपल्याकडे तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा होतो. ओळींमध्ये मात्र भरपूर जागा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या रफाराला भिडतो. शीर्षकाभोवती पांढरं सोडायचं. आणि मजकूर शांत, कमी फरकाच्या टाइपात. 'टिरो देवनागरी मराठी' सारखा परंपरागत वळणाचा टाइप याच्याखाली छान बसतो, कारण बोरूचं नातं दोघांनाही आहे.

मामा: सगळ्या अटी शहाण्या आहेत. पण त्या कुणी वाचणार नाही. फाँटच्या यादीतून नाव निवडलं, माउस दाबला, झालं. निवडणारा माणूस घाईत असतो. त्याला दोष देऊन काय होणार? जुन्या पद्धतीत त्याला चूक करायची सोयच नव्हती, कारण छत्तीसचा खिळा नऊ पॉइंटच्या ओळीत मावतच नव्हता. ती सोय तू तुझ्या फाँटात परत आणू शकशील का? मी एवढंच मागतो. शीर्षकाचा कट एकटा बाहेर सोडू नकोस. त्याच्यासोबत मधला आणि लहान कट दे, त्याच फाइलमध्ये, त्याच किमतीत. लग्नपत्रिकेवाल्याने नऊ पॉइंट निवडले तर त्याला न विचारता दणकट अक्षर मिळू दे.

भाची: लहान कट काढायचा म्हणजे जवळजवळ नवा टाइप. पाचशेहून जास्त आकृत्या पुन्हा. जोडाक्षरं तर सगळीच.

मामा: पंच कापणाऱ्यांनी हातोडी आणि कानशीने ते केलं. प्रत्येक आकारासाठी वेगळं.

भाची: केलं खरं. आणि त्यांच्या टाइपांना आजही मान आहे तो त्याचमुळे, हेही मला दिसतंय. ठीक आहे. तीन कट करते: शीर्षकाचा, उपशीर्षकाचा आणि टिपांचा. आकाराप्रमाणे ते आपोआप बदलतील असं बांधते. शीर्षक आताच्या अंकात जाईल, बाकीचे दोन तयार होईपर्यंत फाँट विक्रीला काढणार नाही. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. मोठ्या आकारात ही रेघ इतकीच बारीक राहील; ती जाड करून सगळीकडे चालेल असं मधलं अक्षर मी करणार नाही.

मामा: करूही नकोस. सगळीकडे चालणारी अक्षरं पुष्कळ आहेत. माझा आग्रह जाड रेघेचा नव्हताच. बारीक रेघ काढणाऱ्याने ती कुठवर टिकते हे मोजलं पाहिजे, आणि जिथे टिकत नाही तिथे वाचकाला दुसरं अक्षर दिलं पाहिजे. डोळे ताणून अक्षराला सांभाळून घेणं हे वाचकाचं काम नाही. वाचकाला सांभाळणं हे अक्षर घडवणाऱ्याचं काम आहे. ते तू अंगावर घेतलंस, तर रेघ हवी तितकी बारीक कर.